एलात नावाच्या तीन नौका
(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इस्रायलच्या नौदलाचा इतिहास हा आजचा विषय आहे. भूदलाच्या आणि हवाई दलाच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. नौदल मात्र बहुधा मागे राहते. वास्तविक या देशात येणारा बहुतेक सारा माल समुद्रमार्गेच येतो. आपल्या ताटातला गहू आणि तांदूळसुद्धा हैफा नाहीतर अश्दोद बंदरातूनच येतो. तेव्हा हा विषय आपल्या स्वयंपाकघरापासून फार लांबचा नाही.

पंचाहत्तर वर्षांचा इतिहास एका व्याख्यानात मावणारा नाही. म्हणून मी एका नावाचा धागा धरतो. 'एलात' हे नाव या नौदलाने आजवर तीन नौकांना दिले. त्या तिन्ही नौका ओळीने पाहिल्या, तर आरमार कसे बदलत गेले ते आपोआप उलगडते. प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारणार आहे : जे संकट यायचे होते, त्याच्या आधी त्याला तोंड देणारी नौका हाती होती काय?

पहिली एलात १९४८ सालची. तिचे मूळ नाव 'नॉर्थलँड'. अमेरिकेच्या तटरक्षक दलासाठी १९२७ साली बांधलेले, बर्फाळ समुद्रात फिरणारे ते जहाज. महायुद्धानंतर ते विकत घेऊन त्यातून हजारो यहुदी निर्वासित पॅलेस्टाइनकडे निघाले. ब्रिटिशांनी १९४७ साली ते पकडले आणि हैफाच्या बंदरात अडकवून ठेवले. राज्याची स्थापना होताच तेच जहाज डागडुजी करून युद्धनौका म्हणून बाहेर काढले गेले. 'वेजवुड' आणि 'हगाना' या नौकांची कथाही अशीच : मूळच्या कॅनडाच्या कॉर्व्हेट, मग निर्वासितांची जहाजे, मग नौदलाच्या नौका. आरमाराची निवड वगैरे काही नव्हतीच. बंदरात जे सापडले तेच आरमार झाले. तरीही ऑक्टोबर १९४८ मध्ये स्फोटकांनी भरलेल्या लहान मोटरबोटी शत्रूच्या अंगावर सोडून या नौदलाने गाझासमोर इजिप्तचे प्रमुख जहाज 'एमिर फारूक' बुडवले. लहान बोट मोठ्या जहाजाला भारी पडू शकते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला होता.

दुसरी एलात ही विनाशिका. ब्रिटिश नौदलाची 'झेलस' ही १९४४ सालची नौका इस्रायलने १९५५ मध्ये विकत घेतली; तिच्याबरोबर 'झोडियाक' घेतली आणि तिचे नाव 'याफो' ठेवले. त्या काळी ज्याच्याकडे विनाशिका त्याचेच नौदल खरे, अशी समजूत होती. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर इजिप्तची 'इब्राहिम एल अव्वल' ही विनाशिका हैफावर तोफा डागायला आली, तेव्हा या दोन्ही नौकांनी पाठलाग करून, हवाई दलाच्या मदतीने, तिला शरण आणले. पुढे तीच 'हैफा' नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. विनाशिकांवरील खर्च सार्थकी लागला असेच सर्वांना वाटले असणार.

पण १९६२ च्या सुमारास इजिप्तला सोव्हिएत संघाकडून 'कोमार' जातीच्या क्षेपणास्त्र नौका मिळू लागल्या. शंभर टनांहूनही हलकी बोट. पण तिच्यावरचे क्षेपणास्त्र, ज्याला पाश्चात्त्य देश 'स्टिक्स' म्हणत, सुमारे चाळीस किलोमीटरवरून मारा करणारे आणि रडारच्या साहाय्याने लक्ष्य शोधणारे. विनाशिकेच्या तोफा त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतही पोहोचत नव्हत्या.

२१ ऑक्टोबर १९६७. सुक्कोथच्या आठवड्यातला शब्बाथ. एलात पोर्ट सईदसमोर गस्त घालीत होती. सूर्यास्ताच्या सुमारास बंदराच्या आतूनच क्षेपणास्त्रे सुटली. पहिल्या दोन आघातांनी नौका निकामी झाली. तासाभराहून अधिक काळ खलाशी आग विझवीत आणि जखमींना सावरीत राहिले. मग तिसरे क्षेपणास्त्र आले आणि नौका बुडाली. चौथे पाण्यात पोहणाऱ्या माणसांजवळ फुटले. १९९ जणांपैकी ४७ जणांना मृत्यू आला आणि शंभराच्या आसपास जखमी झाले. जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडाल्याची जगातली ही पहिली घटना. साऱ्या नौदलांनी त्या रात्री आपापले नकाशे पुन्हा उलगडले.

एलात बुडाली आणि मग इस्रायलचे डोळे उघडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. धोका आधीच ओळखला गेला होता. १९६० च्या दशकाच्या प्रारंभीच श्लोमो एरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला होता की, जुन्या विनाशिका पोसण्यापेक्षा लहान, वेगवान, स्वदेशी क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या नौकांचे आरमार उभारावे. सुमारे अडीचशे टनांची नौका, चाळीसेक माणसे. दोनशे माणसे एका जहाजावर ठेवण्याऐवजी पाच नौकांवर विभागली, तर एक गमावूनही चार उरतात. मोजक्या लोकसंख्येच्या देशाला हा हिशेब समजायला वेळ लागत नाही.

आपल्या कुलाब्याकडच्या लोकांनाही तो समजावा. आंगऱ्यांच्या आरमारातील गुराबा आणि वल्ह्यांची हलकी गलबते मोठ्या विलायती जहाजांच्या पिछाडीला जाऊन, जिथे त्यांच्या तोफा वळत नाहीत तिथून मारा करीत. आपला समुद्र कोणता आणि आपली माणसे किती, हे पाहून नौका निवडावी लागते. एरेल यांचा विचार याच जातीचा होता.

मग १९६७ साली त्या नौका कुठे होत्या? आराखडा जर्मनीच्या 'यागुआर' नौकांवरून घेतला होता. पण हा करार उघड झाल्यावर अरब देशांचा दबाव आला आणि बांधणी फ्रान्समधील शेरबुर्गच्या गोदीत न्यावी लागली. पहिल्या नौकेचे जलावतरण १९६७ च्या वसंतात झाले आणि ती हैफाला पोहोचली वर्षाच्या अखेरीस, म्हणजे एलात बुडाल्यानंतर काही आठवड्यांनी. निर्णय योग्य होता, वेळेवरही झाला होता. पण निर्णय आणि नौका यांच्यामध्ये काही वर्षे जातात, आणि ते ४७ जण त्याच वर्षांत सापडले. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडहून घेतलेली जुनी पाणबुडी 'डाकार' ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. तिचे अवशेष सापडायला १९९९ साल उजाडले. जुन्या जहाजांवर भागवून नेण्याचा काळ तिथे संपला.

शेरबुर्गची पुढची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. फ्रान्सने शस्त्रबंदी लादली, बारांपैकी पाच नौका अडकल्या, आणि १९६९ च्या नाताळच्या रात्री, वादळी समुद्रात, त्या पाचही गुपचूप निघून वर्षाच्या शेवटच्या दिवशी हैफाला लागल्या. कथा रंजक आहे. परंतु नौका आणणे हे अर्धेच काम होते. त्यांच्यावर बसवायचे 'गॅब्रिएल' हे क्षेपणास्त्र इथेच तयार झाले. ते पाण्यापासून काही मीटर उंचीवरून जाई, म्हणून रडारला दिसणे अवघड. मात्र त्याचा पल्ला सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे स्टिक्सच्या निम्मा. याचा अर्थ उघड होता : आपले क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वी शत्रूच्या माऱ्याखालून वीस किलोमीटर अंतर कापायचे. त्यासाठी फसवणुकीची विद्या विकसित झाली. धातूच्या बारीक पट्ट्यांचे ढग हवेत सोडायचे आणि विद्युत लहरींनी शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवायचे, म्हणजे ते नौका सोडून ढगाकडे धावते.

ही विद्या नसेल तर काय होते, ते १९७१ साली साऱ्यांनी पाहिले. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडवली. क्षेपणास्त्र तेच, स्टिक्स. आपल्यापैकी ज्यांनी त्या दिवसांतला मुंबईचा ब्लॅकआउट अनुभवला, त्यांना हा विजय आठवत असेल. एकच शस्त्र आपल्या एका देशाला जखम देऊन गेले आणि दुसऱ्याला विजय.

६ ऑक्टोबर १९७३, योम किप्पूर. त्या रात्री मिखाएल बरकाई यांच्या नेतृत्वाखाली पाच नौका सीरियाच्या लताकिया बंदरावर गेल्या. त्यांतली 'रेशेफ' हैफाच्याच गोदीत बांधलेली होती. पहाटेपर्यंत तीन क्षेपणास्त्र नौकांसह सीरियाच्या पाच नौका बुडाल्या. आपल्या पाचही परतल्या. दोन रात्रींनी इजिप्तच्या बाल्तिमसमोर तसेच घडले. त्या साऱ्या युद्धात पन्नासहून अधिक स्टिक्स क्षेपणास्त्रे या नौकांवर सोडली गेली. एकही लागले नाही. या वेळी नौका संकटाच्या आधी पोहोचल्या होत्या.

तिसरी एलात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात बांधली गेली आणि १९९४ साली सेवेत आली. 'लहाव' आणि 'हनित' या तिच्या भगिनी. सुमारे पंच्याऐंशी मीटर लांबीच्या, हेलिकॉप्टर वाहणाऱ्या, क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या 'बराक' यंत्रणेने सज्ज अशा या कॉर्व्हेट. इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण होते. १४ जुलै २००६, शुक्रवारची संध्याकाळ. 'हनित' बैरूतसमोर होती. किनाऱ्यावरून हिजबुल्लाने सोडलेले क्षेपणास्त्र तिला लागले आणि चौघे मृत्युमुखी पडले. बचावाची यंत्रणा जहाजावर होती. पण ती कार्यरत नव्हती, कारण असे शस्त्र त्या संघटनेजवळ असेल असे गृहीतच धरले नव्हते. १९६७ साली धोका ठाऊक होता आणि नौका नव्हती. २००६ साली नौका होती आणि धोक्यावर विश्वास नव्हता. पैशाने पहिली उणीव भरून निघते. दुसरी भरून काढायला जागी माणसे लागतात.

आजच्या आरमाराकडे पाहिले, तर नौका पुन्हा मोठ्या होत आहेत. याचे कारण गॅस. २००९ साली 'तामार' आणि २०१० साली 'लेवियाथान' हे साठे खोल समुद्रात सापडले, आणि राखायचा प्रदेश किनाऱ्यापासून कितीतरी लांब गेला. तिथे दिवसेंदिवस उभे राहायला अडीचशे टनांची बोट पुरत नाही. म्हणून २०१५ साली जर्मनीत चार 'साआर ६' नौकांचा करार झाला; त्यांतली पहिली, 'मागेन', डिसेंबर २०२० मध्ये हैफाला आली. तेल सापडावे तसा गॅस सापडला, पण त्याचा राखणदार यायला अकरा वर्षे लागली. एप्रिल २०२४ मध्ये या जातीच्या नौकेने एलात शहराकडे येणारे ड्रोन समुद्रावरून पाडले.

या नौकांवरील 'बराक ८' क्षेपणास्त्र भारत आणि इस्रायल यांनी मिळून घडवले. भारतीय नौदलाने २०१५ च्या अखेरीस त्याची चाचणी 'कोलकाता' या विनाशिकेवरून घेतली, आणि 'कोलकाता' मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. त्याच माझगाव डॉकचे प्रमुखपद एके काळी आपल्या बेने इस्रायल समाजातील व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन यांनी भूषवले होते, हे तरुण मंडळींना ठाऊक असावे. १९६५ च्या युद्धात भारतीय ताफ्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी' याच गोदीतली. बांधणीचा आरंभ १९६६, सेवेत दाखल १९७२. साडेसात हजार किलोमीटरचा किनारा असलेल्या देशाने मोठी जहाजे स्वतः बांधण्याचा मार्ग धरला. दोनशे किलोमीटरच्या देशाने नौका बाहेरून आणल्या आणि त्यांवरची शस्त्रे स्वतः घडवली. दोघांनीही वर्षे मात्र मोजली.

जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीशी तीन नव्या पाणबुड्यांचा करार झाला. त्या जातीला नाव दिले आहे 'डाकार'. करारानुसार पहिली पाणबुडी मिळायला सुमारे नऊ वर्षे लागतील. म्हणजे तिच्यावर जाणारे खलाशी करार झाला त्या दिवशी प्राथमिक शाळेत होते. त्यांतले एखाददुसरे आज या सभागृहात मागच्या रांगेत बसलेले असेल, आणि व्याख्यान कधी संपते याची वाट पाहत असेल. त्याच्यासाठी मी इथेच थांबतो.