ताईमहाराजांचा अर्ज

जेसल पार्कमधील एका सदनिकेच्या मृत्युपत्रावरून आमच्या नात्यात मध्यंतरी बरीच धुसफूस झाली. व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेले गृहस्थ हिशोब दाखवीत नव्हते. स्वतःचा मेहनताना मात्र परस्पर वळता करून घेत होते. ‘थोरामोठ्यांवर संशय कसा घ्यायचा?’ असे मावशी म्हणाल्या, आणि मला ताईमहाराजांचे स्मरण झाले.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रान्वये इस्टेटीची व्यवस्था ज्यांच्याकडे आली त्यांत लोकमान्य टिळक व दादासाहेब खापर्डे होते. मागे राहिलेल्या ताईमहाराज वयाने कोवळ्या; पतिनिधनानंतर जन्मलेला मुलगाही लवकरच गेला. इस्टेट कर्जात होती, तेव्हा खर्चाला कात्री लागणे ओघानेच आले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तकविधान झाले. पुढच्याच महिन्यात ताईमहाराजांनी प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरास दुसराच मुलगा दत्तक घेतला.

ॲस्टनसाहेबांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. पण तेवढ्यावर न थांबता टिळकांवर फौजदारी खटला लादला. १९०३ मध्ये शिक्षा, १९०४ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र १९१५ पर्यंत चालला आणि प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तकविधान ग्राह्य धरले. तोवर ताईमहाराज हयात नव्हत्या.

टिळकांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. परंतु आपल्या चरित्रवाङ्मयात ही बाई केवळ नायकाच्या वाटेतील विघ्न म्हणून येते, हे खटकते. व्यवस्थापकाविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुभा तिला १८८१ च्या कायद्यानेच दिली होती. व्यवस्थापक प्रामाणिक असला म्हणून वारसाचा प्रश्न उद्धट ठरत नाही. ॲस्टनसाहेबांनीही तिचे हित केले असे म्हणवत नाही. तिच्या तक्रारीचा त्यांनी राजकीय शत्रूवर सूड घेण्याचा प्रसंग केला, आणि तिचे मूळ गाऱ्हाणे त्या गदारोळात बुडाले.

१९२५ च्या वारसा कायद्यानुसार प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब न्यायालयात द्यावा लागतो. मेहनतानाही सरकारी महाप्रशासकाला ठरवून दिलेल्या दराहून अधिक घेता येत नाही. हिशोब हेतुपुरस्सर टाळणे हे प्रोबेट रद्द होण्याचे एक कारण आहे.

मावशींनी अखेर हिशोब मागणारे पत्र लिहिले. त्यात ‘क्षमस्व’ दोनदा आले आहे.