डी अँड डीमध्ये स्वतःचा मेटामॅजिक पर्याय कसा तयार कराल?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजेच डी अँड डी हा १९७४ साली आलेला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. यात पुस्तकात नसलेला, आपण घरी बनवलेला नियम म्हणजे 'होमब्रू'. मंत्रात बदल करणारी क्षमता स्वतः कशी बनवायची, ते या लेखात पाहू. मी स्वतः केलेली चूकही सांगतो.

मेटामॅजिक म्हणजे काय?

पाचव्या आवृत्तीत (२०१४ चे नियम) सॉर्सरर या क्लासला तिसऱ्या लेव्हलला मेटामॅजिक मिळतं. हा मंत्र नाही, मंत्राचं वागणं बदलणारी गोष्ट आहे. कोडिंग येत असेल तर रॅपर फंक्शन समजा: आतला कोड तोच, बाहेरून वागणूक वेगळी. किंमत सॉर्सरी पॉइंट्समध्ये द्यायची. हे पॉइंट्स सॉर्सररच्या लेव्हलइतके असतात.

- डिस्टंट: १ पॉइंट, मंत्राचा पल्ला दुप्पट.
- क्विकन्ड: २ पॉइंट, ॲक्शनऐवजी बोनस ॲक्शनमध्ये मंत्र.
- हाइटन्ड: ३ पॉइंट, एका शत्रूला पहिल्या सेव्हवर डिसॲडव्हांटेज.

एका मंत्रावर साधारणपणे एकच पर्याय लावता येतो. एम्पावर्ड हा अपवाद आहे, तो दुसऱ्या पर्यायासोबतही चालतो.

माझं पहिलं व्हर्जन

आमच्या गटात मी डंजन मास्टर होतो. सॉर्सरर खेळणाऱ्या मित्रासाठी मी 'विलंबित मंत्र' बनवला: मंत्र आत्ता टाका, १ मिनिटाच्या आत हवा तेव्हा फोडा. किंमत १ पॉइंट. फोडायला वेगळी ॲक्शनही लागत नव्हती.

पुढच्याच खेळात त्याने दाराआडून खोलीत विलंबित फायरबॉल ठेवला. मग आपल्या पाळीला तो फोडला आणि लगेच दुसरा टाकला. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट असतात, पण तेवढे पुरले. एक फायरबॉल म्हणजे ८डी६, सरासरी २८. दोनचे झाले ५६. ओगरचे सरासरी हिट पॉइंट्स ५९. मी संध्याकाळभर पुरतील म्हणून ठेवलेले तीन ओगर हात उचलण्याआधीच मरायला टेकले. फायटर खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मग मी आज फासे आणलेच कशाला?" मला ते लागलं, कारण चूक तिची नव्हती, त्याचीही नव्हती. नियम माझा होता.

चूक कुठे होती?

मी नुकसानीचा आकडा तपासला, वेळ तपासली नाही. पुस्तकात डिलेड ब्लास्ट फायरबॉल नावाचा मंत्र आधीच आहे. तो सातव्या लेव्हलचा आहे आणि त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं. सॉर्सररला असा स्लॉट तेराव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे तेराव्या लेव्हलची सोय मी पाचव्या लेव्हलला १ पॉइंटात वाटून टाकली होती.

सुधारलेलं व्हर्जन

- किंमत २ पॉइंट.
- मंत्र तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीला आपोआप फुटतो. आधी नाही, नंतर नाही.
- तोपर्यंत कॉन्सन्ट्रेशन हवं. ते तुटलं तर मंत्रही गेला, स्लॉटही गेला.
- जागा मंत्र टाकतानाच ठरते आणि तिथे सगळ्यांना दिसेल असा उजेड पडतो.
- मुळात कॉन्सन्ट्रेशन लागणाऱ्या मंत्रांवर चालत नाही.

आता शत्रूला पळायला एक पाळी मिळते. मग त्याला तिथेच अडवून ठेवण्याचं काम फायटरचं! एकट्याची युक्ती होती, ती दोघांची झाली.

नवीन पर्याय बनवताना हे तपासा

१. असंच काम करणारा मंत्र पुस्तकात आहे का? असेल तर त्याची लेव्हल आणि अटी बघा.
२. एकाच पाळीत जास्तीत जास्त काय होऊ शकतं? एम्पावर्ड लावूनही हिशोब करा.
३. शत्रूला उत्तर द्यायची संधी उरते का?
४. बाकीच्या खेळाडूंना करण्यासारखं काही उरतं का?

आणि टेबलवर आधीच सांगून ठेवा की नियम ट्रायलवर आहे, तीन खेळांनंतर पुन्हा बघू. दिलेली शक्ती नंतर काढून घेतली की मित्र रुसतात, हा अनुभव आहे!