सुझुकी : एक आडनाव, अनेक कर्तृत्वे

मोटारगाडी, व्हायोलिन, झेन पंथ, जीवनसत्त्वाचा शोध, रसायनशास्त्राचे नोबेल आणि बेसबॉल या परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांना जोडणारा एक शब्द आहे, तो म्हणजे 'सुझुकी'. भारतीय वाचकांना हा शब्द मोटारीच्या पाठीवरील अक्षरांमुळे परिचयाचा झाला. त्यामुळे ते एखाद्या उद्योगसमूहाचे किंवा घराण्याचे नाव असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात 'सातो' खालोखाल जपानमधील हे सर्वाधिक प्रचलित आडनाव असून, ते सुमारे १८ लाख लोक लावतात. या आडनावाने जगभर ओळखल्या गेलेल्या व्यक्तींपैकी बहुतेकांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नाही. काहींना हे नाव जन्माने मिळाले, काहींना विवाहाने. ते कसे मिळते आणि ते मिळताना कोणाचे नाव पुसले जाते, हा जपानमध्ये न्यायालयापर्यंत पोहोचलेला प्रश्न आहे.

भाताच्या उडवीतून आलेले नाव

'सुझुकी' हे आडनाव ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यांचा अर्थ 'लहान घंटा' आणि 'झाड' असा होतो. नावाचे मूळ मात्र घंटेत नसून भातशेतीत असल्याचे मानले जाते. जपानच्या दक्षिणेकडील कुमानो प्रदेशात कापणीनंतर भाताच्या पेंढ्या रचून जी रास केली जाई, तिला तेथील बोलीत याच उच्चाराच्या जवळचा शब्द होता. कोकणात जिला उडवी म्हणतात, तशीच ही रास. तिच्यावर धान्यदेवता उतरते, अशी श्रद्धा होती. वाकायामा प्रांतातील काइनान येथील फुजिशिरो देवस्थान हे या आडनावाचे मूळस्थान समजले जाते. कुमानोच्या देवतांचा प्रसार करीत फिरणाऱ्या पुरोहितांबरोबर हे नाव पूर्व जपानात पोहोचले. आजही तोक्योच्या परिसरात आणि शिझुओका प्रांतात सुझुकींची संख्या मोठी आहे.

हा प्रसार केवळ श्रद्धेमुळे झाला नाही. जुन्या सरंजामी व्यवस्थेत सामान्य माणसाला जाहीरपणे आडनाव लावण्याची मुभा नव्हती. मेजी राजवटीने १८७० मध्ये ती दिली आणि १८७५ मध्ये आडनाव लावणे सक्तीचे केले. करवसुली आणि सैन्यभरती यांसाठी नागरिकांची नोंद सरकारला हवी होती. अनेक कुटुंबांची अधिकृत आडनावे तेव्हाच निश्चित झाली. समान आडनाव म्हणजे समान पूर्वज, हे गृहीतक म्हणूनच जपानमध्ये लागू पडत नाही.

हमामात्सूचे सुझुकी

मोटार उद्योगातील सुझुकी शिझुओका प्रांतातील हमामात्सू या शहरातील. सुतारकामाची उमेदवारी केलेल्या मिचिओ सुझुकी (१८८७-१९८२) यांनी १९०९ मध्ये येथे हातमाग बनविण्याचा कारखाना सुरू केला. १९२० मध्ये त्याची कंपनी झाली. कापड उद्योगाला उतरती कळा लागल्यावर १९५२ मध्ये सायकलीला जोडायचे छोटे इंजिन बाजारात आले, १९५४ मध्ये कंपनीच्या नावात 'मोटर' हा शब्द आला आणि १९५५ मध्ये तिची पहिली छोटी मोटार तयार झाली.

मिचिओ यांच्यानंतर कंपनीची सूत्रे ओळीने तीन जावयांकडे गेली. कर्तबगार तरुणाला जावई करून घ्यायचे आणि त्यालाच दत्तक घेऊन घराण्याचे आडनाव द्यायचे, ही जपानी व्यापारी घराण्यांतील जुनी रीत आहे. आपल्याकडील घरजावयाच्या कल्पनेशी ती मिळतीजुळती असली, तरी त्यात कमीपणा मानला जात नाही. कंपनीचे चौथे अध्यक्ष ओसामु सुझुकी (१९३०-२०२४) हे मूळचे मात्सुदा. गिफू प्रांतातील गेरो येथे जन्मलेले ओसामु बँकेत नोकरी करीत होते. मिचिओ यांच्या नातीशी विवाह झाल्यावर ते सुझुकी झाले, १९५८ मध्ये कंपनीत आले आणि १९७८ मध्ये अध्यक्ष बनले.

भारत सरकार लोकांना परवडणाऱ्या मोटारीसाठी परदेशी भागीदार शोधत असताना पुढे आलेली ही कंपनी जपानमधील मोठ्या कंपन्यांपैकी नव्हती. ऑक्टोबर १९८२ मध्ये करार झाला. आरंभी सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली 'मारुती ८००' ग्राहकाच्या हाती पडली. भारतीय मध्यमवर्गाच्या प्रवासाचे चित्रच पुढे या गाडीने बदलले. २००७ मध्ये 'मारुती उद्योग'चे नाव 'मारुती सुझुकी इंडिया' झाले. त्याच वर्षी ओसामु यांना पद्मभूषण मिळाले, तर मृत्यूनंतर २०२५ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले. भारतात जे नाव घरोघरी पोहोचले, ते पोहोचविणाऱ्याचे जन्मनाव नव्हते.

वाद्यांचे सुझुकी

संगीत शिकणाऱ्यांना 'सुझुकी पद्धत' ठाऊक असते. तिचा मोटारींशी काहीही संबंध नाही. नागोया येथे मासाकिची सुझुकी (१८५९-१९४४) यांनी जपानमधील पहिला मोठा व्हायोलिन कारखाना उभारला. त्यांचे पुत्र शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) वडिलांच्या कारखान्यातच वाढले, पण मिशा एल्मन या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर त्यांना वाद्याचे खरे सामर्थ्य उमगले. १९२० च्या दशकात जर्मनीत शिक्षण घेत असताना परकी भाषा आत्मसात करताना होणारी ओढाताण त्यांनी अनुभवली. मूल मात्र आपली मातृभाषा सहज बोलू लागते. मग संगीतही तसेच का शिकवू नये, या विचारातून त्यांची पद्धत आकाराला आली. आधी भरपूर ऐकणे, नंतर वाजवणे, स्वरलिपी वाचणे त्याहून नंतर आणि शिक्षणात पालकांचा सहभाग, ही तिची सूत्रे. महायुद्धानंतर मात्सुमोतो शहरात त्यांनी शिकवण्यास प्रारंभ केला. प्रतिभा उपजत नसते, ती घडवता येते, हा त्यांचा आग्रह होता.

हार्मोनिका आणि मेलोडियन बनविणारी आणखी एक सुझुकी कंपनी हमामात्सूतच आहे. तिचेही मोटार कंपनीशी नाते नाही.

झेन पंथाचे दोन सुझुकी

पाश्चात्त्य जगाला झेन पंथाची ओळख करून देणाऱ्या दोन सुझुकींची नेहमी गल्लत होते. दाइसेत्सु तेइतारो सुझुकी (१८७०-१९६६) हे विद्वान आणि भाषांतरकार. १८९७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि पुढे इंग्रजीतील ग्रंथांद्वारे त्यांनी झेन विचार युरोप-अमेरिकेच्या बौद्धिक वर्तुळात नेला. १९५० च्या दशकातील कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या व्याख्यानांचा प्रभाव लेखक, संगीतकार आणि मानसशास्त्रज्ञांवर पडला. शुन्र्यू सुझुकी (१९०४-१९७१) हे मात्र सोतो परंपरेचे दीक्षित भिक्षू. १९५९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत आले, तेथे त्यांनी झेन केंद्राची स्थापना केली आणि अमेरिकी तरुणांना ध्यानाला बसायला शिकवले. पहिल्याने झेन वाचायला दिले, दुसऱ्याने आचरायला, असा हा फरक सांगता येईल.

प्रयोगशाळेतील सुझुकी

उमेतारो सुझुकी (१८७४-१९४३) यांच्या नावाला एका हुकलेल्या श्रेयाची किनार आहे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या जपानी समाजात बेरीबेरी या रोगाने मोठ्या प्रमाणावर बळी जात होते. कृषी रसायनशास्त्रज्ञ असलेल्या उमेतारो यांनी १९१० मध्ये तांदळाच्या कोंड्यातून हा आजार रोखणारे द्रव्य वेगळे केले आणि पुढे त्याला 'ओरायझॅनिन' असे नाव दिले. तेच आजचे 'ब-१' जीवनसत्त्व. त्यांचा निबंध जपानी भाषेत होता. जर्मन सारांशात हा नवा पोषक घटक असल्याचा मुद्दा नीट पोहोचला नाही. डॉक्टर नसलेल्या माणसाचा दावा म्हणून जपानी वैद्यकवर्गानेही त्याकडे संशयाने पाहिले. 'व्हिटॅमिन' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय काझिमिर फुंक यांना मिळाले आणि १९२९ चे नोबेल आइकमन व हॉपकिन्स यांना.

पुढे २०१० मध्ये एका सुझुकीला नोबेल मिळाले. होक्काइदो विद्यापीठातील अकिरा सुझुकी (जन्म १९३०) यांनी नोरिओ मियाउरा यांच्यासह १९७९ मध्ये बोरॉनयुक्त संयुगे आणि पॅलेडियम उत्प्रेरक वापरून कार्बनचे अणू परस्परांना जोडण्याची सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. लोसार्टनसारखी रक्तदाबावरील औषधे, कीटकांपासून व बुरशीपासून पिके राखणारी रसायने आणि पडद्यांसाठी लागणारे प्रकाशमान पदार्थ तयार करताना ही 'सुझुकी अभिक्रिया' उपयोगी पडते. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. तिचा प्रसार वेगाने होण्याचे ते एक कारण ठरले.

सत्तेच्या वर्तुळात

नौदलाचे अ‍ॅडमिरल कांतारो सुझुकी (१८६८-१९४८) १९३६ च्या लष्करी बंडात गोळ्या लागूनही बचावले होते. एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, ते पंतप्रधान झाले. जुलैअखेरीस दोस्त राष्ट्रांनी शरणागतीची मागणी केली, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी 'मोकुसात्सु' हा शब्द वापरला. 'मौन पाळणे' आणि 'तुच्छतेने दुर्लक्ष करणे' अशा दोन्ही छटा असलेल्या या शब्दाचा जगाने सरळ नकार असा अर्थ लावला. ६ ऑगस्टला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या एका शब्दाचा परिणामांत वाटा किती, यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत. ९ ऑगस्टच्या रात्री सर्वोच्च युद्ध परिषद समसमान विभागली गेली, तेव्हा याच सुझुकींनी प्रघात मोडून निर्णय सम्राटांवर सोपवला आणि युद्ध थांबण्याचा मार्ग मोकळा झाला.

मच्छीमार कुटुंबातून आलेले झेंको सुझुकी (१९११-२००४) १९८० ते १९८२ या काळात पंतप्रधान होते. त्यांचे पुत्र शुनिची सुझुकी २०२१ ते २०२४ दरम्यान अर्थमंत्री होते. १९७९ ते १९९५ अशी १६ वर्षे तोक्योचे गव्हर्नर राहिलेले शुनिची सुझुकी मात्र वेगळे. दोघांच्या नावांची अक्षरेही हुबेहूब तीच आहेत.

मैदान आणि पडदा

आडनाव फारच सर्वसामान्य असल्याचा विलक्षण परिणाम बेसबॉलपटू इचिरो सुझुकी (जन्म १९७३) यांच्या बाबतीत झाला. १९९४ मध्ये प्रशिक्षक अकिरा ओगी यांनी त्यांची नोंद केवळ 'इचिरो' अशी केली. सुझुकी नावाच्या खेळाडूकडे कोण लक्ष देणार, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. त्या हंगामात इचिरो यांनी २१० हिट्सचा जपानी विक्रम केला. २००१ पासून अमेरिकेत खेळताना त्यांनी ३,०८९ हिट्स नोंदविल्या. २००४ मधील एका हंगामातील २६२ हिट्स हा तेथील विक्रम होय. २०२५ मध्ये अमेरिकी बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवड झालेले ते आशियात जन्मलेले पहिले खेळाडू ठरले. ३९४ पैकी ३९३ मते त्यांना मिळाली.

दिग्दर्शक सेइजुन सुझुकी (१९२३-२०१७) यांचे चित्रपट समजत नाहीत, म्हणून निक्कात्सू कंपनीने १९६८ मध्ये त्यांना काढून टाकले. त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्यांना चित्रपट करता आला नाही. 'स्टुडिओ जिब्ली'चे निर्माते तोशिओ सुझुकी आणि 'रिंग' या भयकथेचे लेखक कोजी सुझुकी हीदेखील परिचित नावे आहेत.

जपानबाहेर या नावाची किंमतही मोजावी लागली. व्हँकुव्हर येथे १९३६ मध्ये जन्मलेले डेव्हिड सुझुकी हे कॅनडातील स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीतले. दुसऱ्या महायुद्धात केवळ जपानी वंशाचे म्हणून त्यांच्या कुटुंबाला ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातील छावणीत डांबण्यात आले. आनुवंशिकी शास्त्रज्ञ झालेल्या डेव्हिड यांनी १९७९ पासून २०२३ पर्यंत 'द नेचर ऑफ थिंग्ज' ही दूरचित्रवाणी मालिका सादर केली आणि पर्यावरणाचा विषय सामान्यांपर्यंत नेला. कॅनडा सरकारने या अन्यायाबद्दल १९८८ मध्ये अधिकृत माफी मागितली.

नाव राखण्याचा प्रश्न

जपानी कायद्यानुसार विवाहानंतर पती-पत्नींना एकच आडनाव लावावे लागते. ते कोणाचे, हे दोघांनी ठरवायचे असते. व्यवहारात सुमारे ९५ टक्के जोडप्यांमध्ये पत्नीच आपले नाव सोडते. ओसामु यांच्यासारखी उदाहरणे अपवादात्मक आहेत. आपल्या नावाने संशोधन, वकिली वा व्यवसाय करणाऱ्या महिलांना त्यामुळे दोन नावांनी वावरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये ही तरतूद घटनात्मक ठरवली आणि बदलाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. २०२४ मध्ये उद्योगपतींच्या 'केइदानरेन' या संघटनेनेही स्वतंत्र आडनावाची मुभा मागितली. २०२५ मध्ये संसदीय समितीत विधेयकांवर चर्चा झाली, मात्र त्या अधिवेशनात निर्णय झाला नाही.

तोहोकू विद्यापीठातील प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी २०२४ मध्ये एक गणित मांडले. सध्याची पद्धत अशीच चालू राहिली, तर २५३१ साली प्रत्येक जपानी व्यक्तीचे आडनाव 'सातो' असेल. अनेक गृहीतकांवर बेतलेले हे भाकीत शब्दशः खरे ठरण्यासाठी नव्हे, तर कायद्याची दिशा दाखविण्यासाठी मांडले गेले होते. ती दिशा बदलली नाही, तर दुर्मीळ आडनावे सर्वात आधी लुप्त होतील; आणि त्यांच्या पाठोपाठ केव्हातरी १८ लाख सुझुकींचीही पाळी येईल.