रविवर्म्याची चौकट आणि चौकटीबाहेरच्या बाया

दसरा-दिवाळी जवळ आली की जालन्याच्या बाजारात साड्या-दागिन्यांचे फ्लेक्स लागतात. त्यातला एक प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. गोरी मॉडेल, काठापदराची साडी, अंगभर सोने, मागे धूसर पडदा, आणि बसण्याची ढब हुबेहूब राजा रविवर्म्याच्या चित्रातली. लग्नाच्या फोटोवाल्यांनीही हीच 'थीम' उचलली. आपल्या वस्तीतल्या मुलीही हौसेने ती करून घेतात. आमचा आक्षेप हौसेला नाही. पण ही चौकट कुठून आली, हे आंबेडकरी तरुणाने विचारलेच पाहिजे.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती पडला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, काड्यापेट्यांवर आणि कापडाच्या लेबलांवर चढल्या. म्हणजे हे चित्र जाहिरातीत आज शिरलेले नाही, शंभर वर्षांहून अधिक काळ ते माल विकते आहे. अभ्यासक कौतुकाने सांगतात की ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर यामुळे देव आला. आला ना! पण देऊळ बंदच राहिले. कागदावरचा देव पैसे मोजून मिळत होता, तरी १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आणि १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावाच लागला.

आता त्या देवीचे शरीर कोणाचे, ते पाहू. त्या काळी 'घरंदाज' बाई चित्रकारापुढे बसत नसे. रविवर्म्याच्या मॉडेल म्हणून गोव्याच्या राजीबाई मूळगावकर यांचे नाव घेतले जाते. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांचेही नाव सांगतात. अंजनीबाई गोव्याच्या कलावंत समाजातल्या. देवळाच्या सेवेला बांधलेला आणि लग्नाची प्रतिष्ठा नाकारलेला हा समाज. चेहरा, खांदे, बोटे अशा बाईची. चित्र झाले की ती लक्ष्मी. तिला हात जोडणाऱ्या घराने त्याच बाईला सून म्हणून उंबरठा ओलांडू दिला असता का? ब्राह्मणी संस्कृतीची ही जुनी रीत आहे: श्रम आणि सौंदर्य घ्यायचे, माणूस बाहेर ठेवायचा.

२०२० साली चेन्नईत छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी सिनेनट्यांना घेऊन रविवर्म्याची चित्रे कॅलेंडरसाठी पुन्हा उभी केली. सुहासिनी मणिरत्नम यांच्या 'नाम' संस्थेच्या मदतीसाठी ते होते. हेतू चांगला, यात वाद नाही. त्यानंतर ही टूम आणखी पसरली. पण रविवर्म्याने १८९३ मध्ये रस्त्यावर बसलेले एक भटके, भिक्षेकरी कुटुंबही रंगवले होते. ते उभे करायला कोणता सराफ पैसे देईल?

त्याआधी २०१७ मध्ये चेन्नईतच नरेश नील आणि भारद्वाज सुंदर यांनी 'डार्क इज डिव्हाइन' नावाने सावळ्या मॉडेलना देवदेवता केले. गोरेपणाच्या वेडाला तो चपराक होता, आम्हाला आवडलाही. मात्र रंग बदलला, सिंहासन तेच राहिले.

खरी हिंमत पुष्पमाला एन. यांची. क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत त्या स्वतः रविवर्म्याची लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या. त्याच मालिकेत त्या इंग्रजी मानववंशशास्त्रज्ञाने मोजमाप घेतलेली तोडा आदिवासी बाई झाल्या, पोलिसांनी पकडलेली बाईही झाल्या. लक्ष्मी आणि 'गुन्हेगार' शेजारी-शेजारी! ज्या देशात १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तिथे ही जोडी फार बोलते. जाहिरातवाला ही जोडी कधीच लावणार नाही, कारण दुसरा फोटो पाहून कोणी हार घ्यायला येत नाही.

उभे राहून चित्र साकारणे आपल्यालाही नवे नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर महाडचे तळे होते, ओंजळीत पाणी घेतलेला पोरगा बाबासाहेब होतो, शेजारची पोरगी रमाई होते. त्यामागे कुठल्या दरबारी चित्रकाराचे मूळ चित्र नसते. आजी-आजोबांकडून ऐकलेले असते, तेच उभे राहते.

मातंग समाजातल्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तिला कोणा राजाने रंगवले नाही. स्टुडिओवाल्याकडे शकुंतला आहे, दमयंती आहे. मुक्ता हवी असेल तर ती आपल्यालाच त्याला सांगावी लागेल: लेखणी, कागद आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी.