विहिरीतला धोंड्या

आमच्या वऱ्हाडात पाण्यातल्या सापाला धोंड्या म्हणतात. पुस्तकांत तो पाणदिवड किंवा विरोळा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, डोळ्याखाली काजळाच्या दोन तिरक्या रेघा. विहीर, तळे, नाला हे त्याचे घर. बेडूक आणि मासळी हे अन्न. विष नाही. चावरा आहे, हे मात्र खरे.

शिरपूरची ख्याती पाण्यापासूनच सुरू होते. कथा अशी, की एलिचपूरच्या राजाने इथल्या कुंडात अंग धुतले आणि त्याचा कुष्ठरोग गेला. मग त्याला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती सापडली. पार्श्वनाथांच्या मस्तकावर धरणेंद्र नागाचा फणा असतो. असे पाणी आणि साप दोन्ही इथे मानाचे. विहिरीतल्या धोंड्याला मात्र काठी. डिवचला की तो मान चपटी करतो आणि लोकांना नाग वाटतो. नागाला हात जोडायचे आणि नागासारखा दिसला म्हणून मारायचे!

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होता. विषारी साप कोणता, बिनविषारी कोणता, हे लोकांना ओळखता यावे म्हणून त्याने १७९६ मध्ये सापांवर सचित्र ग्रंथ काढला. त्यात आपला धोंड्याही आला. १७९९ मध्ये जर्मनीतल्या योहान श्नायडरने त्या ग्रंथावरून त्याला ‘पिस्केटर’ नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मासेमार. हा श्नायडर ग्रीक भाषेचा पंडित, कोशकार. पुढे शास्त्रज्ञांनी सापाचे कुळनाव अनेकदा बदलले, पण ‘पिस्केटर’ टिकले. कवी म्हणून मला त्या कोशकाराचा हेवा वाटतो.

रसेलचे काम मात्र अजून अर्धेच आहे. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. विहिरीत पोहताना आम्ही पोरांनी ‘नाग, नाग’ ओरडत एक साप ठेचला. अब्बांनी तो काठीवर उचलून पाहिला. ‘‘अरे, ये तो पानी का है,’’ एवढेच म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात त्या विहिरीवर गेलो. शेजारी बोअर झाल्यापासून तिच्याकडे कोणी बघत नाही. तळाशी थोडे पाणी, त्यात प्लास्टिक, आणि एक चौकटीचे अंग हलताना दिसले. शेजारचा मुलगा दगड घेऊन धावत आला. मी त्याला त्या काजळाच्या रेघा दाखवल्या. त्याने दगड मारला नाही. खालीही टाकला नाही, हातातच धरून वाकून बघत राहिला.