नारिंगी शंकूची गोष्ट

"आवाज येतोय, पण चित्र दिसत नाहीये."

2000 नंतरच्या पाच-सात वर्षांत ज्याने कॉम्प्युटरवर सिनेमे पाहिले, त्याला हे वाक्य पाठ असणार. मित्राकडून सीडी आणायची, फाइलवर डबल-क्लिक करायचं, आणि "कोडेक सापडत नाही" असा निरोप वाचायचा. मग कुठूनतरी कोडेकचा गठ्ठा उतरवायचा. सिनेमा चालो न चालो, ब्राउझरमध्ये दोन नवे टूलबार मात्र हमखास. शेवटी कुणीतरी सांगायचं, "अरे, तो नारिंगी शंकूवाला प्लेअर टाक ना!" आणि विषय संपायचा.

तो शंकूवाला म्हणजे व्हीएलसी. गंमत म्हणजे, सीडीवरचे सिनेमे बघण्यासाठी तो जन्माला आलाच नव्हता.

झालं असं की, पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधलं नेटवर्क विद्यार्थी स्वतःच चालवायचे. नेटवर्क होतं जुन्या टोकन रिंग पद्धतीचं, एकदम संथ. पोरांना गेम खेळायला वेगवान नेटवर्क हवं होतं. पण गेमसाठी पैसे कोण देणार? मग 1996 साली एक प्रकल्प पुढे आला: प्रत्येक खोलीसाठी वेगळी डिश आणि डिकोडर घेण्यापेक्षा सॅटेलाइट टीव्ही नेटवर्कवरूनच सगळ्यांना दाखवायचा. त्यासाठी अर्थातच नवं नेटवर्क लागणार! टीव्ही पाठवणारा सर्व्हर आणि तो बघणारा क्लायंट. प्रकल्पाचं नाव व्हिडिओलॅन, म्हणून व्हीएलसी म्हणजे 'व्हिडिओलॅन क्लायंट'. आणि शंकू? नेटवर्क चालवणाऱ्या मंडळींनी रस्त्यावरचे ट्रॅफिकचे शंकू गोळा करून ठेवले होते, तेच चिन्ह झालं.

आता यातली इंजिनिअरिंगची गोष्ट बघा. नेटवर्कवरून येणाऱ्या व्हिडिओतले तुकडे वाटेत हरवतात, आणि तुम्ही मध्येच टीव्ही लावलात तर सुरुवात हातात नसते. जे मिळालं ते दाखवत राहायचं, हे या प्लेअरला पहिल्यापासूनच करावं लागलं. म्हणून अर्धवट डाउनलोड झालेली किंवा थोडी खराब फाइलही तो बऱ्याचदा चालवून दाखवतो. शिवाय बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. गठ्ठा शोधायला नको.

1998 मध्ये सगळा कोड नव्याने लिहिला गेला. पण तो कॉलेजच्या ताब्यात होता. विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला आणि 1 फेब्रुवारी 2001 रोजी कॉलेजने तो जीपीएल परवान्याखाली खुला करायला मान्यता दिली. माझ्या मते व्हीएलसीचा खरा वाढदिवस हाच. तोवर ते एका हॉस्टेलचं सॉफ्टवेअर होतं, आता जगभरातले प्रोग्रामर त्यात हात घालू लागले. 2003 साली ज्याँ-बाप्तिस्त केम्फ हा विद्यार्थी प्रकल्पात आला आणि कॉलेज सुटल्यावरही राहिला. पुढे त्याने ना-नफा संस्था उभी केली. जाहिराती आणि टूलबार जोडण्यासाठी मोठाल्या रकमा देऊ करणारे आले, पण त्यांना नकार मिळाला. 2025 च्या जानेवारीपर्यंत डाउनलोडचा आकडा 6 अब्जांवर गेला होता.

या गोष्टीत आपणही येतो. फेब्रुवारी 2022 पासून व्हीएलसीची अधिकृत साइट भारतात उघडेनाशी झाली. सरकारने ती बंद करायला लावली होती, कारण जाहीर केलं नव्हतं. आधीच टाकलेला प्लेअर चालत होता, अडचण नव्याने घेणाऱ्याची होती. अधिकृत दार बंद झालं की माणूस सर्चमध्ये दिसेल त्या साइटवरून फाइल उतरवतो, म्हणजे पुन्हा तेच टूलबार किंवा त्याहून वाईट काही. शेवटी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बंदी उठली.

आपण 'फ्री' म्हणजे 'फुकट' असं सहज म्हणतो. पण तो टूलबारवाला गठ्ठाही फुकटच होता की! फरक मालकीचा आहे. व्हीएलसीचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, म्हणून तो एका माणसाने विकून टाकावा असा राहिला नाही.

असो. इतका इतिहास वाचलात, तर हाताला काहीतरी लागायला हवं. सबटायटल मागे-पुढे होत असतील तर जी आणि एच ही बटणं दाबा, आवाज ओठांशी जुळत नसेल तर जे आणि के. अक्षर ई दाबलंत की चित्र एकेक फ्रेमने सरकतं. धोनीच्या स्टंपिंगचा वाद घरीच मिटवता येईल.

आणि प्लेअर उतरवायचा तर व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच. ते दार एकदा बंद होऊन पुन्हा उघडलंय, त्याचा उपयोग करू या.