सांत्यागो नावाची स्थळे

सांत्यागो : स्पेन, लॅटिन अमेरिका व फिलिपीन्स येथील अनेक शहरे, गावे, किल्ले आणि प्रशासकीय विभाग यांना मिळालेले एक स्थलनाम. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी जब्दीचा मुलगा संत याकोब याच्या स्पॅनिश नावावरून ते रूढ झाले. वायव्य स्पेनमधील सांत्यागो दे काँपोस्तेला हे या नावाचे मूळ क्षेत्र असून चिलीची राजधानी सांत्यागो हे त्या नावाचे सर्वांत मोठे शहर होय. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून स्पॅनिश सत्ता जेथे जेथे पोहोचली, तेथे तेथे हे नाव गेले. त्यामुळे त्याच्या प्रसाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्पॅनिश साम्राज्यविस्ताराचा इतिहास ठरतो. तथापि जेत्यांनी ज्या अर्थाने हे नाव दिले, त्याच अर्थाने जितांनी ते वागविले असे मात्र दिसत नाही.

नामव्युत्पत्ती : हिब्रू याकोब या नावाचे लॅटिन रूप याकोबुस असे आहे. ‘सांक्तुस याकोबुस’ या संबोधनापासून मध्ययुगीन स्पॅनिश भाषेत ‘सांत यागो’ व पुढे ‘सांत्यागो’ असा जोडशब्द बनला. संत हे उपपद नावातच मिसळून गेल्यामुळे इतर संतांप्रमाणे या नावामागे ‘सान’ हा शब्द पुन्हा लावीत नाहीत. या जोडशब्दाची ‘सान त्यागो’ अशी चुकीची फोड झाल्याने त्यागो हे स्वतंत्र व्यक्तिनाम तयार झाले. दिएगो या नावाचा संबंधही काही अभ्यासक याच मुळाशी जोडतात. परंतु त्याविषयी मतभेद आहेत. कॅलिफोर्नियातील सान दिएगो हे शहर मात्र या नाममालिकेत मोडत नाही. कारण ते पंधराव्या शतकातील फ्रान्सिस्कन संत दिएगो दे आल्काला याच्या नावाने ओळखले जाते.

मूळ क्षेत्र : ‘बायबल’च्या ‘नव्या करारा’नुसार पहिल्या हेरोद अग्रिप्पाने इ. स. ४४ च्या सुमारास याकोबाचा शिरच्छेद करविला. त्याने स्पेनमध्ये धर्मप्रसार केला व त्याचे शव नावेतून गॅलिशियाच्या किनाऱ्यावर आणण्यात आले, ही कथा पुष्कळ उत्तरकालीन आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरिया फ्लाव्ह्याचा बिशप तेओदोमिरो याने एका जुन्या दफनभूमीतील थडगे याकोबाचे असल्याचे जाहीर केले. आस्तुरियसचा राजा दुसरा आल्फोन्सो याने तेथे चर्च बांधले आणि त्याभोवती काँपोस्तेला नगर वाढले. इ. स. ९९७ मध्ये कॉर्दोव्हाच्या खिलाफतीचा सेनानी अल्-मन्सूर याने ते उद्ध्वस्त केले. चर्चच्या घंटा त्याने ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून कॉर्दोव्हास नेल्या व १२३६ मध्ये कॉर्दोव्हा जिंकल्यावर तिसऱ्या फर्नांदोने त्याच घंटा मुसलमान बंदिवानांच्या खांद्यांवरून परत पाठविल्या, असे वृत्तांत आढळतात. सध्याच्या कॅथीड्रलचे बांधकाम १०७५ मध्ये सुरू झाले. जेरूसलेम व रोम यांच्याबरोबर काँपोस्तेला हे मध्ययुगीन ख्रिस्ती जगातील प्रमुख यात्रास्थान बनले. युनेस्कोने या जुन्या नगरास १९८५ मध्ये व स्पेनमधील यात्रामार्गास १९९३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

यात्रेकरूंच्या परंपरेतील याकोब हा हाती काठी, अंगावर झगा व शिंपल्याचे चिन्ह धारण करणारा वाटसरू आहे. याच संताचे दुसरे रूप म्हणजे शुभ्र अश्वावर आरूढ, हाती उगारलेली तलवार व अश्वाच्या टापांखाली पडलेले मूर सैनिक, असा ‘मातामोरोस’ म्हणजे मूरसंहारक. इ. स. ८४४ मध्ये क्लाव्हिहो येथील लढाईत तो प्रकट झाला, अशी आख्यायिका आहे. ही लढाई प्रत्यक्ष झाल्याचे आधुनिक इतिहासकार मानीत नाहीत. तथापि तिचा हवाला देणाऱ्या बाराव्या शतकातील एका बनावट सनदेच्या आधारे काँपोस्तेलाच्या धर्मपीठास शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने कर मिळत असे. काथिथच्या प्रतिनिधिसभेने १८१२ मध्ये तो रद्द ठरविला. परंतु तो कायमचा बंद होण्यास १८३४ साल उजाडले. बाराव्या शतकातच सांत्यागोच्या नावाने एक लष्करी धर्मसंघ स्थापन झाला आणि ‘सांत्यागो’ ही रणगर्जना बनली. अमेरिकेत गेला तो प्रामुख्याने वाटसरू याकोब नव्हे, तर हा घोडेस्वार याकोब होय.

अमेरिकेतील प्रसार : नव्या वसाहतीस नाव देताना स्पॅनिश सेनानी सामान्यतः दोन रीती अनुसरीत. एक, वसाहत स्थापन झाली त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचे नाव देणे. दुसरी, सैन्याच्या रक्षक संताचे नाव देणे. याकोबाचा सण २५ जुलै रोजी येतो. कोलंबियातील काली (१५३६), अर्जेंटिनातील सांत्यागो देल एस्तेरो (१५५३) व व्हेनेझुएलातील काराकास (१५६७) या शहरांचा स्थापनादिन परंपरेने २५ जुलै हाच मानला जातो. चिलीची राजधानी मात्र पेद्रो दे व्हाल्दिव्हिया याने १२ फेब्रुवारी १५४१ रोजी वसविली. म्हणजे तेथे नाव पंचांगावरून नव्हे, तर संताच्या आश्रयासाठी घेतलेले होते. अनेक नगरांना एकच नाव मिळाल्याने त्यापुढे भेददर्शक शब्द जोडणे आवश्यक झाले. हे शब्द कधी संस्थापकाच्या मायभूमीवरून (व्हाल्दिव्हियाच्या एस्त्रेमादुरा प्रांतावरून ‘सांत्यागो देल न्वेव्हो एस्त्रेमो’), कधी वसाहतकारांच्या दर्जावरून (‘दे लोस काबाय्येरोस’ म्हणजे सरदारांचे), तर कधी मूळ स्थानिक नावावरून घेतलेले आढळतात.

या नगरांच्या नावांचे पुढे काय झाले, हे पाहता तीन प्रकार दिसून येतात. पहिल्या प्रकारात संताचे नावच व्यवहारात टिकले. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांत्यागो दे लोस काबाय्येरोसचा प्रारंभ १४९५ च्या सुमारास एका किल्ल्यापासून झाला. १५६२ च्या भूकंपात नगर नष्ट झाल्यावर ते याके नदीच्या काठी पुन्हा वसविण्यात आले. दिएगो व्हेलास्केस याने १५१५ मध्ये वसविलेले सांत्यागो दे कूबा हे त्या बेटावरील स्पॅनिश सत्तेचे आरंभीचे प्रमुख ठाणे होते. सांत्यागो देल एस्तेरो हे अर्जेंटिनातील अखंड वस्ती असलेले सर्वांत जुने शहर असून तेथून निघालेल्या मोहिमांनी तूकूमान (१५६५), कॉर्दोव्हा (१५७३) इ. शहरे वसविल्यामुळे त्यास ‘शहरांची माता’ म्हणतात. त्या प्रांताच्या ग्रामीण भागात केचुआ भाषेची एक बोली आजही बोलली जाते. चिलीतील सांत्यागो स्थापनेपासून सातच महिन्यांत, ११ सप्टेंबर १५४१ रोजी, मिचिमालोंको या स्थानिक प्रमुखाच्या हल्ल्यात जळून गेले होते. पुढे ते स्वतंत्र चिलीची राजधानी झाले व त्याच्या महानगर क्षेत्राची लोकसंख्या ६० लाखांहून अधिक झाली.

दुसऱ्या प्रकारात संताचे नाव कागदोपत्री राहिले आणि लोकव्यवहारात मूळ स्थानिक नावाने त्यावर मात केली. सांत्यागो दे लेओन दे काराकास, सांत्यागो दे काली, सांत्यागो दे ग्वायाकील, सांत्यागो दे केरेतारो ही शहरे अनुक्रमे काराकास, काली, ग्वायाकील व केरेतारो या नावांनीच सर्वत्र ओळखली जातात. यांपैकी ग्वायाकीलचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. दिएगो दे आल्माग्रो याने १५३४ मध्ये अँडीजच्या पठारावर सांत्यागो दे कीतो ही वसाहत स्थापिली. ती पुढे किनारपट्टीकडे हलविण्यात आली. परंतु मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांमुळे वारंवार जागा बदलावी लागून १५४७ मध्ये ती ग्वायास नदीकाठी स्थिरावली. या भटकंतीत संताचे नाव तेवढे कायम राहिले. अखेर तेही स्थानिक नावामागे झाकले गेले. मेक्सिकोत, विशेषतः ओआहाका राज्यात, संताचे व स्थानिक असे जोडनाव धारण करणारी गावे मोठ्या संख्येने आहेत (उदा., सांत्यागो हामिल्तेपेक, सांत्यागो हुश्त्लाह्वाका). धर्मांतराबरोबर संतनाम आले; परंतु गावाची जुनी ओळख पुसली गेली नाही, असे ही नावे दर्शवितात.

तिसऱ्या प्रकारात संताचे नाव पूर्णतः लोपले. कोलंबसाने १४९४ मध्ये जमेका बेटास सांत्यागो हे नाव दिले. परंतु स्थानिक नावच टिकले. त्या बेटावरील सांत्यागो दे ला व्हेगा (स्थापना १५३४) ही राजधानी १६५५ मध्ये इंग्रजांनी जिंकली आणि तिचे नाव ‘स्पॅनिश टाउन’ असे पडले. पेद्रो दे आल्व्हारादो याने १५२४ मध्ये ग्वातेमालात स्थापिलेल्या सांत्यागो दे लोस काबाय्येरोस या राजधानीची जागा तीनदा बदलली. १५२७ मध्ये वसविलेले दुसरे नगर १५४१ मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात गाडले गेले. १५४३ मध्ये वसविलेले तिसरे नगर १७७३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झाले. १७७६ मध्ये राजधानी पुन्हा हलविताना तिला कुमारी मेरीच्या स्वर्गारोहणाचे नाव देण्यात आले आणि सांत्यागो हे नाव मागे पडले. मागे राहिलेल्या नगरास ‘आंतिग्वा’ म्हणजे ‘जुने’ एवढेच नाव उरले.

संताचे रूपांतर : अमेरिकेत मूरसंहारक संताचे रूपांतर ‘माताइंदिओस’ म्हणजे मूळ रहिवाशांच्या संहारकात झाले. मेक्सिकोच्या आखातालगत सेंत्ला येथे १५१९ मध्ये झालेल्या लढाईत संत प्रकट झाला, अशी कथा लोपेस दे गोमारा याने १५५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथात नमूद केली. त्या लढाईत स्वतः लढलेला बेर्नाल दियास देल कास्तियो याने मात्र, आपणास फक्त फ्रान्सिस्को दे मोर्ला हा घोडेस्वार दिसला, कदाचित आपण पापी असल्याने संताचे दर्शन घडले नसावे, असा उपरोधिक खुलासा केला आहे. पेरूमध्ये १५३६ च्या कूस्को वेढ्याच्या वेळीही तो प्रकट झाल्याची कथा पसरली. पेरूतील लेखक ग्वामान पोमा याने तो प्रसंग रेखाटलेला आहे.

अँडीजमधील लोकांनी या संताचा संबंध आपल्या इयापा या मेघगर्जनेच्या व विजेच्या देवतेशी जोडला. स्पॅनिश सैनिक बंदुकीचा बार काढताना ‘सांत्यागो’ अशी आरोळी ठोकीत. आवाज व लखलखाट यांमुळे हे साम्य सहज पटणारे होते. चर्चला त्यात जुन्या उपासनेचा वास आला. पाब्लो होसे दे आर्रियागा याच्या १६२१ मधील ग्रंथात, मूळ रहिवाशांनी आपल्या मुलांना सांत्यागो हे नाव न देता दिएगो हे नाव द्यावे, असा निर्बंध आढळतो. ज्या नावाने शहरे वसविली, तेच नाव जितांच्या मुलांस वर्ज्य ठरावे, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय. हा निर्बंध फारसा परिणामकारक ठरला नाही. पेरूच्या मध्य पर्वतीय भागात जुलैअखेरीस गुरे व मेंढ्यांच्या कानांत रंगीत फिती बांधण्याचा उत्सव सांत्यागोच्याच नावाने साजरा होतो. तेथे संत हा योद्धा नसून कळपांचा रक्षक मानला जातो. प्वेर्तो रीकोतील लोईसा येथे आफ्रिकी वंशाचे लोक जुलैअखेरीस नारळाच्या करवंट्यांचे मुखवटे धारण करून संताचा उत्सव करतात.

मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को हे आस्तेकांच्या अखेरच्या प्रतिकाराचे (१५२१) स्थळ होय. तेथे सांत्यागोचे चर्च उभारले गेले आणि त्याला जोडूनच १५३६ मध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी विद्यालय सुरू झाले. बेर्नार्दिनो दे साआगून याने तेथील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नाहुआत्ल भाषेत आस्तेक जीवनाची माहिती संकलित केली. विजयाचे स्मारक म्हणून उभ्या राहिलेल्या स्थळी जितांच्या संस्कृतीचे सर्वांत मोलाचे साधन तयार झाले.

आशियातील नाव : फिलिपीन्समधील मानिला येथे पासिग नदीच्या मुखाशी स्पॅनिशांनी सांत्यागो किल्ला बांधला. त्याच्या प्रवेशद्वारावर अश्वारूढ संताचे शिल्प आहे. फिलिपिनो राष्ट्रीय चळवळीचा अध्वर्यू होसे रिसाल (१८६१–९६) यास ३० डिसेंबर १८९६ रोजी देहान्त शिक्षा होण्यापूर्वी याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. त्यामुळे तो आता राष्ट्रीय स्मारक आहे. पोर्तुगीजांतही या संताची उपासना रूढ होती. गोव्यातील बाणस्तारी येथे त्यांनी बांधलेला किल्ला साव तियागो याच नावाने ओळखला जाई.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश अमेरिकेतील देश स्वतंत्र झाल्यावरही ही नावे बहुधा बदलण्यात आली नाहीत, तोपर्यंत ती परकीय राहिली नव्हती. सांत्यागो दे कूबात संताच्या सणास जोडून होणारा उत्सव आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या व मुक्त लोकांच्या नृत्यसंगीताने घडला. २६ जुलै १९५३ रोजी फिदेल कास्त्रोच्या नेतृत्वाखाली मोंकादा बराकीवर झालेल्या हल्ल्यासाठी याच उत्सवाची गर्दी व गडबड सोयीची मानली गेली. खुद्द काँपोस्तेलात कॅथीड्रलमधील मूरसंहारक संताची मूर्ती हलवावी, असा विचार २००४ मध्ये पुढे आला. विरोध झाल्यामुळे तो मागे पडला. मात्र अश्वाच्या पायांखालील मूरांच्या आकृती फुलांनी झाकण्यात येऊ लागल्या. २५ जुलै हा दिवस गॅलिशियात प्रादेशिक दिन, लोईसात मुखवट्यांचा उत्सवकाळ, तर काराकास व काली येथे नगराचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. नाव एकच असले, तरी त्यामागील स्मृती प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.